पट्टा बसला की निघालो

आमच्या गल्लीत संध्याकाळी कुणी कुत्रं फिरवतं, कुणी नातवंड फिरवतं, कुणी डॉक्टरनं बजावलंय म्हणून स्वतःलाच फिरवून आणतं. आमचे शांतवन सर डाळ फिरवतात.

उजव्या बाजूला दीड किलो हरभराडाळ, डाव्या बाजूला किलोभर तूरडाळ. दोन्ही जाड मांजरपाटाच्या पिशव्यांत गच्च बांधलेल्या. पिशव्यांपासून निघालेले पट्टे खांद्यांवरून जाऊन पाठीवर फुली मारतात. उजवी पिशवी कमरेला नीट बसलेली, डावी मात्र पार गुडघ्यापर्यंत लोंबणारी. पाऊल टाकलं की ती गुडघ्यावर ठोका देते. म्हणून सर डाव्या पायाला क्रिकेटचं पॅड बांधतात. एकाच पायाला.

अशा थाटात सर मिशनच्या मागच्या आमच्या गल्लीतून निघतात, मेन रोडनं स्टेशनपर्यंत जातात आणि परत येतात. एस्तेरवहिनी दारातच उभ्या असतात.

"आली का फिरून? तूरडाळ द्या इकडं. आमटी टाकायचीय."

श्रीरामपुरात नव्यानं आलेल्या माणसाला हा प्रकार कळत नाही. जुन्यांना सगळं माहीत आहे. सरांकडे दोन कॅमेरे आहेत. एकाला लांबचं टिपणारी दांडगी लेन्स, ती मिळून दीड किलो. दुसऱ्याला अख्खा देखावा मावेल अशी रुंद लेन्स, तो किलोभर. हे दोन्ही कॅमेरे अंगावर घेऊन सरांना प्रवासाला जायचं आहे. त्यासाठी दोन्हींचं वजन नीट पेलणारा, काचणार नाही, घसरणार नाही, हात टाकल्याबरोबर कॅमेरा हातात देणारा पट्टा हवा. तसा पट्टा सर शोधतायत, आणि त्याची ट्रायल खऱ्या कॅमेऱ्यावर घ्यायची त्यांची तयारी नाही.

"कॅमेरा पडला तर संपला, जगतापसर. डाळ पडली तर निवडून घेता येते."

जायचं कुठं? हिमाचलात. कधी? ह्याला सरांचं एकच उत्तर.

"पट्टा बसला की निघालो."

हे वाक्य मी इतकी वर्षं ऐकतोय की शाळेच्या घंटेसारखं ते आता कानाला लागत नाही. सर चित्रकलेचे, आता निवृत्त. मी भूगोलाचा, अजून नोकरीत. घरं भिंतीला भिंत लागून. कमी बोलणारा म्हणून माझी ख्याती आहे. घरी बायको म्हणते, तुमच्यापेक्षा आपला फ्रीज जास्त आवाज करतो. पण सरांच्या पट्ट्यांचा विषय निघाला की स्टाफरूममध्ये मीच बोलायचो. असे रंगवून किस्से सांगायचो की लोकांच्या कपातला चहा बशीत यायचा. तेच किस्से आज पुन्हा सांगणार आहे. फक्त त्यातून दरवेळी एका माणसाला मी शिताफीनं वगळत आलो, त्याला आज आत घेतो. तो माणूस म्हणजे मी.

ह्या सगळ्याची सुरुवात चित्रकलेच्या पेपरांपासून झाली. परीक्षेत 'आवडता देखावा' काढायला सांगितलं होतं. सर स्टाफरूममध्ये गठ्ठा घेऊन बसले होते आणि एकेक कागद उलटताना त्यांचा चेहरा उतरत होता. सगळ्या वर्गानं तोच देखावा काढलेला. दोन डोंगर, मधोमध उगवता सूर्य, एक नदी, एक झोपडी, चाराच्या आकड्यासारखे पक्षी.

"आपल्याकडं डोंगर कुठंय?" सर म्हणाले. "आपल्याकडं सूर्य उसातनं उगवतो. पोरांनी ऊस काढायला पाहिजे. पण एका पोरानं ऊस काढला नाही."

मी मान हलवली.

"आणि मीच शिकवलंय हो त्यांना. फळ्यावर मीच काढतो. दोन डोंगर, मधी सूर्य." त्यांनी गठ्ठा बाजूला सारला. "जगतापसर, तुम्ही भूगोलाचे. सूर्य खरंच दोन डोंगरांच्या मधनं निघतो का?"

मी भूगोलाच्या माणसानं द्यावं तसं उत्तर दिलं. म्हणालो, "आपण कुठं उभे राहतो त्यावर आहे."

"मग उभं राहायला जाऊ," सर म्हणाले. "तुम्ही जागा दाखवा. मी टिपतो."

मी हो म्हणालो. इथं सांगायला हरकत नाही की हिमालय मीही फळ्यावरच पाहिलेला. वर्षाला दोनदा रंगीत खडूनं काढायचा आणि तास संपला की डस्टरनं पुसायचा. माझी मजल नाशिकच्या पलीकडे कधी गेली नव्हती. तरी त्या दिवशी घरी आल्यावर मी मुलीचा ॲटलास काढून बराच वेळ बसलो होतो.

सरांनी दोन महिन्यांत कॅमेरा घेतला. वर्षभरात दुसरा. दोन कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. सरांचं उत्तर तयार होतं. "तिकडं वारा, धूळ, बर्फ. लेन्स बदलत बसलं तर सूर्य थांबणार आहे का? एकात अख्खी रांग घ्यायची, दुसऱ्यात नुसता सूर्य." एस्तेरवहिनी मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. त्या म्हणाल्या, "लग्नात माझा एक फोटो धड आला नव्हता. आता दोन-दोन कॅमेरे घरात आलेत, तर म्हणतात बाजूला व्हा, डोंगर दिसत नाही."

आणि मग पट्ट्यांचं पर्व सुरू झालं.

कॅमेऱ्याबरोबर कंपनीचा पट्टा येतो. त्यावर कंपनीचं नाव पिवळ्या अक्षरांत. सरांनी तो पहिल्याच दिवशी बाद केला. "बैलालासुद्धा पोळ्याच्या दिवशीच रंगवतात. मी कंपनीची पाटी बारा महिने गळ्यात घालू?" शिवाय गळ्यात दोन कॅमेरे एकत्र अडकवले की ते चालताना एकमेकांवर आपटायचे. "सवती आहेत सवती," सर म्हणायचे. "एका दाव्याला बांधून चालणार नाही."

मग कमरेचा पट्टा आला, दोन्ही बाजूला कॅमेरे लटकवायचे, फौजदारासारखे. त्याची ट्रायल सरांनी भर बाजारात घेतली. कॅमेरे, म्हणजे डाळ, जागेवर राहिली. पँट राहिली नाही. भाजीवाल्या बायकांनी तोंडं फिरवली, सरांनी शांतपणे पँट वर ओढली आणि मला म्हणाले, "थोडक्यात राहिलं बघा."

हे त्यांचं दुसरं वाक्य. पट्टा घसरला की थोडक्यात राहिलं. पोरगा चौतीस टक्क्यांना आपटला की थोडक्यात राहिलं. वहिनींच्या पुरणपोळीतलं पुरण बाहेर आलं की थोडक्यात राहिलं. त्यांच्या जगात कुणी कधी नापास होत नाही, सगळ्यांचं थोडक्यात राहतं.

नगरला कॅन्टोन्मेंटच्या बाजूला मिल्ट्रीचं जुनं सामान विकणारा एक जण होता. त्याच्याकडून सरांनी हिरवा जाड पट्टा आणला. तो इतका ताठ होता की अंगात घातल्यावर सरांना वाकता येईना. येताना एसटीत ते उभ्यानं आले. सीट रिकामी होती, पण पट्टा बसू देईना. त्यानंतर भंगारातल्या जीपचा सीटबेल्ट. तो मजबूत, पण गुळगुळीत. खांद्यावरून असा सटके, जसा आमचा हेडक्लार्क कामावरून सटकतो. मग दप्तराचे पट्टे, स्ट्रेचरचे पट्टे, गॅसची शेगडी पाठीवर नेणाऱ्या माणसाकडून मागून घेतलेला सुतळीचा गुंडा. रस्त्यानं कुणी काही वाहून नेत असेल तर सर थांबून आधी त्याचे खांदे बघायचे, मग तोंड.

एकदा मेन रोडवर लग्नाची वरात चालली होती. पुढं बँड, मागं घोड्यावर नवरदेव. सरांची नजर मोठा ढोल वाजवणाऱ्यावर गेली. ढोल केवढा, आणि बाबा तासभर उभ्यानं बडवतोय. सर वरातीत घुसले.

"थांबा थांबा! हा पट्टा मानेला काचत नाही का हो?"

ढोलवाला वाजवता वाजवता म्हणाला, "काय?"

"काचतो का, काचतो?"

ढोल थांबला. ढोल थांबला म्हणून बँड थांबला, बँड थांबला म्हणून नाचणारे थांबले आणि चिडले. तोवर सर ढोलवाल्याच्या मागं जाऊन पट्टा पाठीवर कसा फिरवलाय ते बोटानं चाचपत होते. नवरीच्या मामांनी विचारलं, हे कोण? कुणीतरी सांगितलं, चित्रकलेचे सर. मामा म्हणाले, मग चित्र काढा म्हणावं, आमची मिरवणूक का काढता? सर तेवढ्यात घोड्यापर्यंत पोचले होते. खोगीर आवळणारा पोटाखालचा तंग बघून त्यांनी नवरदेवाला वर मान करून विचारलं, "तुम्हाला घसरल्यासारखं वाटतंय का?" नवरदेव आधीच घाबरलेला. तो म्हणाला, "वाटतंय."

त्या ढोलाच्या पट्ट्यावरून आणि तंगावरूनच पाठीवरच्या फुलीची कल्पना सुचली. चामड्याचे दोन पट्टे, पाठीवर एकमेकांना छेदून जाणारे, भार दोन्ही खांद्यांना सारखा. शिवायला रशीदभाई. बाजारात त्यांचं बॅगा, चपला, छत्र्या, काहीही शिवून देणारं छोटं दुकान. सरांच्या ऑर्डरी घेऊन घेऊन ते वैतागलेले होते.

"सर, येवढ्या येळात मी हत्तीचं खोगीर शिवलं असतं."

"हत्ती सोपा आहे, रशीदभाई. हत्ती मोठा असतो. चूक दिसत नाही."

माप घ्यायची वेळ आली की सर मला बोलवायचे. "मला माझी पाठ दिसत नाही. तुम्ही उभे राहा. तुमच्यावर टाकून बघतो." मी उभा राहायचो. आमच्या घराण्यात सगळे बाभळीच्या झाडासारखे, उंच आणि वेडेवाकडे. सर माझ्या खांद्याला लागतात. रशीदभाई टेप लावायचे, सर मागून पुढून बघायचे, खडूनं खूण करायचे. मी खिडकीबाहेर बघत उभा. कुणी ओळखीचं जाऊ नये, एवढीच इच्छा.

फुलीचा पट्टा तयार झाला तो उत्तम झाला. खांदा नाही काचला, मान नाही दुखली, घसरला नाही. एकच खोट होती. डावी बाजू लांब. सरांनी घातला की डावा कॅमेरा गुडघ्याशी.

रशीदभाई म्हणाले, "द्या इकडं. दोन मिनटात आखूड करून देतो."

"नको. राहू द्या."

"आवो, गुडघा फुटेल!"

"मी बघतो गुडघ्याचं."

आणि सरांनी शाळेच्या क्रीडा खोलीतून एक पॅड आणलं.

ज्या माणसानं पट्ट्याच्या टाक्याटाक्यावरून वाद घातला, त्यानं ही धडधडीत चूक तशीच ठेवली. पुढे चामड्याचा गेला, नायलॉनचा आला, त्याला लोकरीचं अस्तर आलं, पण प्रत्येक वेळी डावी बाजू तेवढीच लांब. ह्यावर मी स्टाफरूममध्ये म्हणालो होतो, "सरांची एका पायाची बॅटिंग." सगळे खदखदून हसले. हळूहळू ते पोरांपर्यंत गेलं. सर दिसले की पोरं कोपऱ्यावरून ओरडायची, "आउट!" सर हात वर करून त्यांना म्हणायचे, "नॉट आउट, थोडक्यात राहिलं." त्यांना तो विनोद कुणाचा ते माहीत असणार. गल्ली केवढीशी आहे आमची. कधी विचारलं नाही.

एका रविवारी सर म्हणाले, खऱ्या कॅमेऱ्यांवर छोटी ट्रायल घेऊ, नेवाशाला जाऊ. प्रवरेच्या काठावर सकाळचं ऊन चांगलं पडतं. आम्ही एसटीनं गेलो. सरांच्या अंगावर फुली, दोन कॅमेरे, डाव्या पायाला पॅड. गाडीतला एक शेतकरी बराच वेळ निरखून बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "मास्तर, तुमाला जुपलं कुनी?"

सगळी गाडी हसली. सरही हसले. "जू अजून यायचंय," म्हणाले. "जोडीदार तयार आहे." आणि माझ्याकडे हात केला. सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली. मी खिडकीतून बाहेर कपाशी बघत बसलो.

नेवाशाला उतरताना सरांचा लांब पट्टा दाराजवळच्या दांड्यात अडकला. एक पाय खाली, एक वर, पॅड लावलेला पाय हवेत. कंडक्टरनं न बघताच घंटी मारली. गाडी हलली. सर लटकत दोन पावलं गाडीबरोबर उड्या मारत गेले. लोक ओरडले, गाडी थांबली, कंडक्टर खाली उतरून म्हणाला, "कोण आहे ह्यांच्याबरोबर?"

मी त्यांच्या आधीच उतरलो होतो. समोर पानाची टपरी होती. मी टपरीवर टांगलेल्या सुपारीच्या पुड्यांकडे बघत उभा राहिलो.

"कोणी नाही," सरांचा आवाज आला. "एकटाच आहे."

त्यांनी स्वतः पट्टा सोडवला. कॅमेऱ्यांना काही झालं नव्हतं. नदीवर गेलो, सरांनी फोटो काढले, मला दाखवले, ऊन खरंच छान होतं. टपरीचा विषय त्यांनी काढला नाही. फक्त परतीच्या गाडीत बसायच्या आधी फुली काढून, पॅड सोडून सगळं एका पिशवीत भरलं, आणि गाडीत चढल्यावर माझ्या दोन सीट मागं जाऊन बसले. मला वाटलं, रागावले. श्रीरामपूर आल्यावर उतरलो तर नेहमीसारखे हसतमुख. मग लक्षात आलं. रागानं नव्हे, माझी सोय म्हणून ते मागं बसले होते.

हा किस्सा स्टाफरूममध्ये मी एसटी हलण्यापर्यंतच सांगायचो.

आता मुख्य गोष्ट. दरवर्षी दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की सर संध्याकाळी ओट्यावर येऊन बसत. तूरडाळ वहिनींकडे गेलेली असायची.

"काय जगतापसर, यंदा?"

"सर, यंदा जरा..." मी सुरुवात करायचो. एका वर्षी मुलीची दहावी. एका वर्षी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. एका वर्षी घराचा स्लॅब, एका वर्षी निवडणुकीची ड्यूटी. सगळी कारणं खरी. पण 'यंदा जरा' एवढं तोंडातून बाहेर पडलं की सर हात हलवून मला थांबवायचे.

"नाही नाही, मी तेच सांगायला आलो होतो. पट्टा अजून बसला नाही. डावी बाजू बघता ना? असं घेऊन कुठं जाणार? थोडक्यात राहिलं. पुढच्या वर्षी."

मला बरं वाटायचं. कारण द्यावं लागलं नाही म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी सांगायचो, "सरांचा पट्टा यंदाही बसला नाही!" पुन्हा चहा बशीत.

मग एक वर्ष असं आलं की काहीच अडचण नव्हती. मुलगी पुण्याला शिकायला गेलेली, आईची तब्येत चांगली, स्लॅब पडून वाळलेला, निवडणूक नाही. बायकोच म्हणाली, "जाऊन या की एकदाचे. घरात तरी कुठं असता तुम्ही!" त्या वर्षीही सर ओट्यावर आले, आणि त्या वर्षीही मी म्हणालो, "यंदा जरा..." पुढं काय म्हणायचं ते माझ्याजवळ नव्हतं. सरांनी मला त्या वाक्यात अडकू दिलं नाही. पट्टा पुढं केला.

मी का गेलो नाही, ह्याचा मी पुष्कळ विचार केलाय. एसटीत एक तास लोक बघत होते तर मला सोसलं नाही. इथं तर दोन दिवस रेल्वेचा प्रवास, एका पायाला पॅड बांधलेल्या माणसाबरोबर. हे एक. दुसरं सांगायला जास्त जड जातं. रोज संध्याकाळी गाडी उत्तरेला गेल्याचा भोंगा ऐकू आला की मी मनात त्या गाडीत बसतो. मनमाड जातं, भुसावळ जातं, पुढची नावं ॲटलासमधली. सकाळी कुठंतरी थंडीत उतरतो आणि डोंगराकडे तोंड करून उभा राहतो. हे मी इतक्या वर्षांत इतक्यांदा केलंय की खरोखर गेलो आणि तिथं सूर्य डोंगरामागून भलतीकडूनच निघाला, तर संध्याकाळच्या त्या भोंग्याचं मी काय करायचं?

ह्या उन्हाळ्यात सरांचा उजवा खांदा धरला. हात वर जाईना, मागं जाईना. डॉक्टरांनी हात अडकवायला गळ्यातली झोळी दिली आणि सांगितलं, ह्या खांद्यावर आता काही लटकवायचं नाही. कधीच. संध्याकाळी डाळ फिरेनाशी झाली. कोपऱ्यावरच्या पोरांनी मला विचारलं, "सर, बॅटिंगवाले सर दिसत नाहीत?" मी विनोदानं उत्तर देणार होतो. त्याऐवजी सरांच्या घराकडे वळलो.

भेटायला गेलो तर सर खुर्चीत बसून डाव्या हातानं गळ्यातली झोळी ओढून बघत होते.

"डिझाइनच चुकलंय हो ह्याचं. सगळा भार मानेवर. दवाखान्यात एवढे शिकलेले लोक, पण पट्ट्याचं कुणाला कळत नाही."

"सकाळपासून तेच चाललंय," वहिनी आतून म्हणाल्या. "डॉक्टरला म्हणतायत, मी रशीदभाईकडून शिवून आणतो."

भिंतीवर खुंट्यांना सगळे पट्टे टांगलेले. कंपनीचा पिवळा, मिल्ट्रीचा, सीटबेल्ट, चामड्याची फुली. शेवटच्या खुंटीवर एक नवा, काळा, रुंद पट्टा. मऊ, आतून जाळी लावलेला.

"उन्हाळ्याआधी रशीदभाईनं दिलाय," सर म्हणाले. "ट्रायल राहिली. जरा घालून बघता?"

मी घातला. सरांनी डाळीच्या पिशव्या अडकवायला सांगितल्या, वहिनींनी आणून दिल्या. उजवी पिशवी मला बरगडीपाशी आली, हात दुमडून घ्यावा लागेल इतकी वर. ती सरांच्या मापाची होती. डावी मी सोडली आणि ती अलगद माझ्या कमरेला येऊन थांबली. हात सरळ खाली सोडला तर पंजा नेमका पिशवीवर. बघावंसुद्धा लागलं नाही.

मी तसाच उभा राहिलो. खडूच्या खुणा, रशीदभाईंची टेप, खिडकीबाहेर बघणारा मी, ते पॅड, ते 'राहू द्या'. एकेक करत सगळं आठवत गेलं.

"डावा बसला?" सरांनी विचारलं. माझ्याकडे न बघता, झोळीची गाठ चाचपत.

"बसला."

"हं."

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. "भाऊजी, पाठीवर मधी क्लिप आहे बघा. ती दाबली की ह्याचे दोन होतात. एक तुमचा, एक ह्यांचा."

"अगं, सांगायचं नव्हतं," सर म्हणाले.

"कधी सांगणार मग? इतकी वर्षं त्यांच्या वाटणीचा कॅमेरा गुडघ्यावर आपटून घेतलात. रात्री शेकायला मीच होते ना!"

"आखूड केला असता तर पुन्हा उसवावा लागला असता," सर मला समजावल्यासारखे म्हणाले. "ऐनवेळी तुम्ही हो म्हणालात तर? गाडीच्या वेळेला रशीदभाईचं दुकान उघडं असेल कशावरून?"

मी पाठीमागं हात नेऊन क्लिप शोधली आणि दाबली. उजवा भाग सुटून खाली आला, तो मी खुंटीला लावला. डावा माझ्या अंगावर राहिला, तूरडाळीसकट.

"सर, चला," मी म्हणालो. "फिरून येऊ."

वहिनी म्हणाल्या, "आमटी?"

"आज हरभऱ्याची करा," सर म्हणाले.

आम्ही निघालो. झोळीतला हात सांभाळत सर माझ्या उजव्या बाजूनं. मेन रोडला रशीदभाईंनी दुकानातून बघितलं, सुई दातात धरून नुसती मान डोलावली. पुढं आमच्या शाळेतले दोन शिक्षक चहाच्या गाडीवर उभे होते. एकानं हाक मारली, "काय जगतापसर, तुम्ही पण डाळ फिरवायला लागलात?" दोघं हसले. शेजारी पानाची टपरी होती. तिच्याकडे बघायची फार इच्छा झाली. मी हात वर केला आणि म्हणालो, "सरांबरोबर आहे."

स्टेशनवर आलो. गाव श्रीरामपूर आणि स्टेशनची पाटी बेलापूरची, त्या पाटीखालच्या बाकावर बसलो. उत्तरेची गाडी आली. खिडकीत स्वेटर घातलेलं एक मूल झोपलं होतं, ह्या उकाड्यात. जिथं जायचंय तिथली थंडी आईनं आधीच चढवली होती. सर त्या स्वेटरकडे बघत राहिले. गाडी थोडाच वेळ थांबली आणि सुटली. शेवटचा डबा वळणावर उसाआड जाईपर्यंत आम्ही दोघं बघत होतो.

"काय जगतापसर," सर म्हणाले, "यंदा?"

सवयीनं त्यांनी माझ्या उत्तराची वाट बघितली नाही. "नाहीतरी आता माझा हा खांदा... थोडक्यात..."

"पट्टा बसलाय, सर," मी म्हणालो.

प्लॅटफॉर्म रिकामा होत गेला. मग सरांनी आपल्या धडधाकट हातानं माझ्या कमरेची तूरडाळ हळूच उचलून बघितली, वजन तेवढंच आहे ना अशी, आणि पुन्हा होती तिथं सोडून दिली.